हाड जुळलं, पण वाढलेल्या वजनाचं काय?

फ्रॅक्चर होऊन चार-सहा महिने उलटले की लोक पायाबद्दल कमी आणि वजनाबद्दल जास्त बोलायला लागतात. "पडून राहून अंग सुटलं, आता उतरवायचं कसं?" प्रश्न खरं तर आहारतज्ज्ञाला विचारायचा. तो माझ्यासारख्या समुपदेशकापर्यंत पोहोचतो तेव्हा एखादं डाएट करून सोडलेलं असतं, त्यावरून घरात खटके उडालेले असतात आणि माणूस लग्नाकार्याला जायचं टाळायला लागलेला असतो. मागच्या वर्षी आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू पन्नाशी ओलांडलेल्या. घरच्या घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात. मे महिन्यात नळाला पाणी आलं त्या दिवशी पडल्या. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे पाणी रोज येत नाही. आलं की अख्खं घर बादल्या-पिंपांमागे धावतं. त्या गडबडीत मागच्या अंगणात ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि घोटा मोडला. ऑपरेशन करून प्लेट बसवली, काही आठवडे प्लास्टर, मग वॉकर. सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड जुळलंय, आता चाला. ऑक्टोबरमध्ये सून त्यांना घेऊन आली, तेव्हा ६१ किलोंचे ७० किलो झाले होते.

"मॅडम, पाय बरा झालाय म्हणतेत की वो. पण हे अंग कुठलं आलं माझ्यावर?"

त्यांनी उपाय सुरू केले होते. रात्रीचं जेवण बंद. सोमवार, शनिवार आणि संकष्टीचे उपवास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू. शेजारणीने एका पावडरचा डबाही आणून दिला होता. वजन किलोभर उतरायचं, दोन आठवड्यांत परत यायचं. पावडरीबद्दल माझं मत सरळ आहे. नुकतंच हाड जुळलेल्या बाईने डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये. आणि उपाशी राहिलं की चरबीच्या जोडीने स्नायूही झडतात. प्लास्टरमध्ये पोटरी आधीच वाळलेली असते. तिला खायला नाही घातलं तर चालायला बळ येणार कुठून?

पहिल्या भेटीत मी वजनाचं फारसं बोललेच नाही. दिवस कसा जातो ते विचारलं. सकाळी पलंगावर, दुपारी टीव्हीसमोर, संध्याकाळी दाराशी खुर्चीत. भाकऱ्या आता सून थापते. काकू बसल्या जागी चटणीच्या पुड्या भरतात, भरता भरता मूठभर चटणी तोंडात जाते. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी खायला आणतो. हाड भरून यावं म्हणून नणंदेने डबाभर डिंकाचे लाडू दिले होते, ते संपले की दुसरा डबा यायचा. "नाही कसं म्हणू? ती मायेनं देतीया."

मग मी कागदावर हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. पाच महिन्यांत ९ किलो, म्हणजे दिवसाला साडेचारशे कॅलरींच्या आसपास शिल्लक. मुठीएवढे दोन डिंकाचे लाडू खाल्ले की एवढ्या सहज होतात. त्यात दिवसभराची उभ्याने होणारी कामं थांबलेली. काकूंनी कागद दोनदा बघितला. आपण हावरट झालो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. जाऊबाई चारचौघांत तसं बोललीही होती. आकडा बघून त्या पहिल्यांदा हसल्या.

खरी गाठ पुढच्या भेटीत सुटायला लागली. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगून महिना झाला, तरी काकू घरातल्या घरात वॉकर घेऊनच फिरत होत्या आणि मागच्या अंगणात पाऊलही टाकत नव्हत्या. का, तर संध्याकाळी घोटा सुजतो. सूज आली म्हणजे आत प्लेट हलली, असं त्यांनी धरलं होतं आणि हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मी त्यांना परत हाडांच्या डॉक्टरांकडे हाच एक प्रश्न घेऊन पाठवलं. उत्तर मिळालं: घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर कित्येक महिने संध्याकाळी सूज येऊ शकते, रात्री पाय उशीवर उंच ठेवल्यावर उतरत असेल तर घाबरू नका. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, लाल-गरम झाली किंवा धाप लागली, तर मात्र लगेच या. पन्नाशीनंतरचं फ्रॅक्चर म्हणून हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्वही तपासायला सांगितलं.

दुखापतीनंतर हालचालीची जी भीती बसते तिचं असंच असतं. पाय टेकला नाही की तेवढ्यापुरतं सुरक्षित वाटतं, म्हणून माणूस टेकतच नाही. न टेकल्याने पाय अशक्त होतो, आणि अशक्त पाय खरंच डगमगतो. "बघा, मी म्हणत नव्हते?" बसून राहिल्याने वजन वाढतं, आणि वाढलेल्या वजनाने पायावर भार टाकायची भीती आणखी वाढते. नुसतं ताट कमी करून यातून सुटका होत नाही.

आम्ही भीतीची उतरंड लावली, सगळ्यात कमी भीतीची गोष्ट आधी. ओट्याला धरून टाचा उचलणं फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतंच. ते रोज दात घासल्यावर करायचं ठरलं. मग भिंतीच्या आधाराने घरात चालणं, मग काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत. मग सकाळी ऊन चढायच्या आत रिक्षाने सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जायचं आणि आवारातल्या सपाट जागेत दोन फेऱ्या मारायच्या. शेवटच्या पायरीवर मागचं अंगण: आधी कोरडं, मग सून शेजारी असताना ओलं, पायाखाली रबरी मॅट. अंगणात पहिल्यांदा उभं राहिल्या त्या दिवशी त्यांना घाम फुटला, रडूही आलं. सुनेने लगेच "राहू द्या आत्या, चला आत" म्हटलं. आत न जाता तिथेच थांबायचं, हे आमचं आधीच ठरलं होतं. थोड्या वेळाने धडधड आपोआप ओसरली. ती ओसरते हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही.

कामही परत हातात द्यायला हवं होतं. सुनेने दिवसभराच्या भाकऱ्या एकटीने थापायच्या आणि सासूने बघत बसायचं, यात दोघी अवघडल्या होत्या. आता सकाळच्या पहिल्या भाकऱ्या काकू ओट्याशी उभ्याने थापतात, पाय भरून आला की बसतात. चटणी भरायच्या वेळी तोंडात लवंग धरायची, ही युक्ती त्यांचीच.

खाण्याचं आहारतज्ज्ञ बाईंनी बघितलं. भाकरी बंद झाली नाही. दोन्ही वेळा डाळ, मटकीची उसळ, दही किंवा अंडं आलं, रात्रीचं जेवण परत सुरू झालं, शेंगा चटणी चमच्याने मोजून. वजनकाटा मी आठवड्यातून एकदाच वापरायला सांगितला, कारण त्या दिवसातून तीनदा चढून तीनदा खट्टू होत होत्या. वहीत वजनाऐवजी चाललेली मिनिटं लिहायला लागल्या.

गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतला, भोगीचा अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह) उभं राहून बघायचा, हे त्यांनी स्वतः ठरवलेलं ध्येय होतं. १३ जानेवारीला गर्दीच्या कडेला, काठी घेऊन, मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज येईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. तोवर वजन ६६ वर आलं होतं. "चारच?" असं जाऊबाईने विचारलंच. तीन महिन्यांत चार किलो हा चांगला वेग आहे, विशेषतः पोटरी भरत असताना. अंगावरचा एक किलो उतरला की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक साधारण चार किलोंनी हलका होतो, हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी ते जाऊबाईंना सांगितलं असावं, कारण नंतर तो विषय निघाला नाही.

उरलेले किलो अजून आहेत. नणंदेला कसं सांगायचं याची आम्ही तालीमसुद्धा केली: "लाडू फार छान झालेत, दोनच ठेवते, बाकीचे पोरांना दे." पहिल्यांदा ती रुसली. या हिवाळ्यात डबा येणार हे नक्की. तो किती मोठा असावा यावर सासू-सुनेचं अजून एकमत झालेलं नाही, म्हणून पुढच्या भेटीला दोघींनाही बोलावलं आहे.