स्कॉलरशिप मोठी, तरी बिल दुप्पट

प्रश्न : आम्ही अमेरिकेत आहोत, घरात सगळ्यांकडे ग्रीन कार्ड आहे. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, मुलगा नववीत. मुलीला आमच्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात ऑनर्स प्रोग्रॅमला प्रवेश मिळाला आहे. राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ३६ हजार डॉलर, त्यात ६ हजारांची स्कॉलरशिप. दुसरं एक नावाजलेलं खासगी विद्यापीठ आहे. तिथला खर्च ९० हजार, पण स्कॉलरशिप ३२ हजारांची. तिला बायॉलॉजी घ्यायचं आहे आणि पुढे मेडिकलला जायचं मनात आहे. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ९६ हजार आहेत, सगळे शेअर फंडात. दरमहा दीड हजार काढू शकतो. २०२४ मध्ये आम्हा दोघांचं उत्पन्न २ लाख १५ हजार होतं. गेल्या वर्षी पत्नीची नोकरी गेली, आता १ लाख ४८ हजार आहे. माझं वय ४९. कमी पडेल ते पॅरेंट प्लस कर्ज (पालकांच्या नावावरचं सरकारी शिक्षणकर्ज) आणि ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) यांतून भागवावं म्हणतो. एवढी मोठी स्कॉलरशिप सोडायची कशी? १ मेपर्यंत कळवायचं आहे.

उत्तर : आज हातात असलेल्या आकड्यांवर माझं मत सरकारी विद्यापीठाच्या बाजूने आहे. खासगीचा दरवाजा मात्र लगेच लावू नका. तिथे एक पत्र पाठवायचं राहिलंय, त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमच्या पत्रात ३२ हजार हा आकडा ठळक आहे आणि ६ हजारांचा ओझरता उल्लेख आहे. ऑफर लेटरही तसंच लिहिलेलं असतं, स्कॉलरशिप पहिल्या ओळीत आणि भरायची रक्कम शोधून काढावी लागते. मिळणारी रक्कम झाका आणि खिशातून जाणारी तेवढी बघा. पहिल्या वर्षी सरकारीला ३० हजार, खासगीला ५८ हजार.

आता चार वर्षांचं. बहुतेक जण इथे चारने गुणून मोकळे होतात. पण खर्च दरवर्षी वाढतो आणि स्कॉलरशिपची रक्कम बहुधा तेवढीच राहते, त्यामुळे वाढीचा सगळा भार तुमच्यावर पडतो. खर्च वर्षाला ४ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर सरकारीचे चार वर्षांचे सुमारे १ लाख २९ हजार होतात आणि खासगीचे २ लाख ५४ हजार. फरक सव्वा लाखाचा. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो आणि एखाद्या सेमिस्टरला तो घसरला तर सुधारायची संधी मिळते का, हे दोन्हीकडून ईमेलवर लेखी मागवा. बायॉलॉजीचं पहिलं वर्ष केमिस्ट्रीसकट असतं, तिथे भल्याभल्या मुलांचे ग्रेड खाली येतात.

तुमच्याकडे ५२९ चे ९६ हजार आणि चार वर्षांत दरमहाचे मिळून ७२ हजार, असे १ लाख ६८ हजार आहेत. सरकारी विद्यापीठाचं सगळं यात बसून ३९ हजार उरतात. ते मुलाच्या नावावर वळवता येतात. ५२९ चा लाभार्थी सख्ख्या भावंडात बदलला तर कर लागत नाही. खासगीला गेलात तर ८६ हजार कमी पडतात. त्यातले २७ हजार मुलगी स्वतःच्या नावावर फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज घेऊ शकते (चार वर्षांची मर्यादा ५,५००, ६,५००, ७,५०० आणि ७,५००). उरलेले ५९ हजार तुमच्या डोक्यावर.

पॅरेंट प्लसबद्दल जरा सविस्तर, कारण ‘सरकारी कर्ज म्हणजे स्वस्त’ असा समज आपल्या लोकांत पक्का आहे. २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के आहे, शिवाय ४ टक्क्यांहून थोडी जास्त फी रक्कम हाती येण्याआधीच कापली जाते. म्हणजे ५९ हजार हातात यायला साधारण ६१,६०० चं कर्ज लागेल. मुलगी शिकत असताना साचणारं व्याज सोडून दिलं आणि हाच दर धरून दहा वर्षांत फेडायचं ठरवलं, तरी हप्ता महिना ७८० डॉलरच्या आसपास जातो. तुम्ही तेव्हा ५३ वर्षांचे असाल आणि मुलगा कॉलेजात असेल. कायद्याने हे कर्ज फेडायची जबाबदारी मुलीची नसून तुमची आहे. येत्या १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांचीच मर्यादा आहे. तुमची गरज आताच त्या कडेला टेकली आहे. खर्च ४ ऐवजी ५ टक्क्यांनी वाढला तर पुढची सोय खासगी बँकेच्या दारात.

४०१(के) ला हात लावू नका. कर्ज काढलं तर साधारण पाच वर्षांत फेडावं लागतं आणि नोकरी गेली तर मुदत एकदम जवळ येते. घरातली एक नोकरी गेलेली असताना दुसरीवर हा बोजा कशाला? कर्जाऐवजी पैसे कायमचे काढलेत तर ते उत्पन्नात धरले जातात, आणि त्याचा फटका पुढे मुलाच्या फाफ्साला (सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जाला) बसेल. तो २०२९ च्या फॉलला कॉलेजात जाईल तेव्हा २०२७ चं उत्पन्न पाहिलं जाईल. ते वर्ष येत्या जानेवारीत सुरू होतंय. आणि ‘दोघं एकदम कॉलेजात असले की मदत वाढते’ असं कुणी सांगितलं असेल तर तो जुना हिशेब झाला. २०२४-२५ पासून फाफ्सामध्ये पालकांचा वाटा कॉलेजातल्या मुलांच्या संख्येने भागत नाहीत. सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठीचा आणखी एक अर्ज) मागणारी काही खासगी कॉलेजं अजून ते विचारात घेतात, एवढंच.

माझ्या मताला सगळ्यात जड कारण मात्र तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय : मेडिकल. वैद्यकीय शिक्षणाचा पूर्ण खर्च उचलू देणारं ग्रॅड प्लस कर्ज याच १ जुलैपासून नव्या विद्यार्थ्यांना बंद होतंय. त्यानंतर डॉक्टरकीसाठी फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच. राहण्या-खाण्यासकट खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च बहुतेक ठिकाणी तीन लाखांच्या पुढे जातो. मधली रक्कम कुठून तरी आणावी लागणार, आणि ती खासगी कर्जातून आली तर अनेकदा जामीनदार म्हणून तुमचीच सही मागतील. मुलगी खरंच डॉक्टर झाली तर तिला तुमच्या मदतीची खरी गरज २०३० नंतर पडेल, आणि मेडिकल स्कूल तिचा जीपीए व एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पाहणार आहे. अठराव्या वर्षी सगळा दारूगोळा संपवून टाकायची ही वेळ नाही. नाही झाली डॉक्टर, तरी नुसत्या बायॉलॉजीच्या पदवीवर किती कमाई होते ते शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या साइटवर दोन्ही विद्यापीठांसाठी विषयानुसार पाहता येतं. ते आकडे तिच्या शेजारी बसून बघा. तिला वगळून ठरवलंत तर ती पुढची चार वर्षं तुमच्यावर रुसून काढेल, आणि तिचं चुकणार नाही.

आता ते पत्र. २०२६-२७ चा फाफ्सा २०२४ च्या उत्पन्नावर बेतलेला आहे. म्हणजे खासगी विद्यापीठाने तुम्हाला २ लाख १५ हजारवालं घर समजून ऑफर दिली. घरात आता १ लाख ४८ हजार येतात. फायनान्शियल एड ऑफिसला अशा बदलाची दखल घेऊन फेरविचार करायचा अधिकार असतो. नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याची कागदं आणि ताज्या पे स्टब (पगाराच्या पावत्या) जोडून या आठवड्यातच लिहा, आणि १ मेची मुदत थोडी वाढवून मिळेल का तेही त्यातच विचारा. ‘दुसरीकडे स्वस्त पडतंय’ हे कारण दुय्यम ठेवा, उत्पन्न घटलं हे मुख्य. सरकारी विद्यापीठालाही तेच पत्र पाठवा, मागायला काही जात नाही.

खासगीने पहिल्या वर्षाची तुमची रक्कम ५८ वरून ४२ हजारांवर आणली तर चार वर्षांचे साधारण १ लाख ९० हजार होतील. मुलीचं २७ हजारांचं कर्ज धरून ते तुम्हाला पालक-कर्जाशिवाय जमतं. मुलाच्या वाट्याला तेव्हा जवळपास काही उरत नाही, पण पत्नी पुन्हा नोकरीला लागणार असतील तर तेवढी जोखीम घेणाऱ्या घराला मी वेडं म्हणणार नाही. ४२ च्या वर कितीही गोड शब्दांत ऑफर आली तरी माझं मत बदलत नाही.

कुठेही गेली तरी वर्षाची ४ हजार ट्यूशन फी ५२९ मधून न भरता पगारातून भरा. जोडप्याचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असलं की त्यावर २,५०० डॉलरचं अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट (आयकरातली सूट) पूर्ण मिळतं, चार वर्षं. तोच खर्च ५२९ आणि क्रेडिट अशा दोन्हीकडे दाखवता येत नाही, म्हणून हे वेगळं काढायचं. पत्नींना नोकरी लागून उत्पन्न १ लाख ८० हजारांवर गेलं तर त्या वर्षी ते मिळणार नाही.

आणि ५२९ चे सगळे पैसे शेअर फंडात आहेत, ते आधी बघा. पहिलं बिल ऑगस्टच्या सुमाराला येईल. पहिल्या दोन वर्षांत त्या खात्यातून जेवढं काढावं लागणार आहे तेवढं आताच स्थिर व्याजाच्या किंवा मनी मार्केटच्या पर्यायात हलवा. आहे ती गुंतवणूक एका कॅलेंडर वर्षात दोनदाच बदलता येते, तेव्हा एक बदल आता करा आणि दुसरा शिल्लक ठेवा.