गोलकीपरच्या खात्यात आलेले पाच हजार

प्रश्न: सर नमस्कार, मी कामठीचा, वय २३, नागपुरात लीग खेळतो, गोलकीपर आहे. शेवटची मॅच होती, आम्ही सेफ होतो पण समोरच्या टीमला खालच्या डिव्हिजनमध्ये जायचं नव्हतं. आदल्या रात्री आमच्या क्लबच्या सेक्रेटरीची व्हॉइस नोट आली, "उद्या जास्त उड्या नको मारू, बाकीचं मी पाहतो", आणि सकाळी जीपेवर ५००० आले. मी नाही म्हटलं तर मला बाहेर बसवलं, टीम ०-५ हरली. पैसे अजून खात्यातच आहेत. आता दुसऱ्या क्लबात जायला क्लब एनओसी देऊन नाही राहिला, वरून म्हणतात तोंड उघडलं तर पैसे तूच मागितले असं सांगू. पोलिसात जाऊ का?

उत्तर: भाऊ, पोलिसात नंतर जा, आधी असोसिएशनकडे लेखी तक्रार टाक, आणि ती आजच टाक. का ते सांगतो, पण आधी त्या पाच हजाराचं बोलू, कारण तुझ्या प्रकरणातली खरी भानगड तीच आहे.

तू मागितले नाहीस हे मला पटलं, पण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच टाकणार की मग परत काहून नाही केले. म्हणून ते खर्च करायचे नाहीत, काढायचे नाहीत आणि गुपचूप परतही करायचे नाहीत. बँक स्टेटमेंट काढ, व्यवहाराचा नंबर तक्रारीत लिही, तक्रार पोचल्याची पोच हातात आली की ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठव. सेक्रेटरीच्या घरी जाऊन रोख देऊन आलास तर तू दिलेस हे कोण सांगणार बाप्पा?

१९९३ साली फ्रान्समध्ये अगदी हेच झालं होतं, मार्सेल क्लबच्या माणसांनी वॅलेन्सिएन क्लबच्या तीन खेळाडूंना जोर लावून खेळू नका म्हणून गाठलं, त्यातल्या जाक ग्लासमानने लगेच कोचला सांगून टाकलं आणि दुसऱ्या एकाची रक्कम पोलिसांना नातेवाइकाच्या बागेत पुरलेली सापडली. मार्सेलचं लीगचं विजेतेपद गेलं, मालक तापी तुरुंगात गेला. ग्लासमानला पुढे फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला पण मैदानात प्रेक्षक त्यालाच हुर्यो करायचे, तेव्हा तक्रार केल्यावर सगळे खांद्यावर घेतील असं काही मी तुला सांगणार नाही.

आता पोलिसांचं. आपल्याकडे मॅच फिक्सिंग हा गुन्हा म्हणून वेगळा कायदाच नाही, २०१३ च्या आयपीएल प्रकरणानंतर केंद्राने एक मसुदा केला होता तो मसुदाच राहिला. त्या प्रकरणात २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने श्रीशांत, चंडिला आणि आपल्या मुंबईच्या अंकित चव्हाणला आरोपमुक्त केलं. मग २०२२ च्या जानेवारीत कर्नाटक हायकोर्टाने स्पष्टच म्हटलं की फिक्सिंग म्हणजे ४२० होत नाही, कारण प्रेक्षक तिकीट स्वतःच्या मर्जीने काढतो, त्याला फसवून पैसे द्यायला लावलं असं म्हणता येत नाही, क्रिकेट बोर्डाने हवी तर शिस्तीची कारवाई करावी. मला व्यक्तिशः हे तर्कट पटत नाही, पण निकाल आहे. आपल्या नागपूर खंडपीठाला तो बंधनकारक नाही हे खरं, तरी सेक्रेटरीचा वकील तो पहिल्याच तारखेला समोर ठेवेल. जुलै २०२४ पासून ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलं, व्याख्या जवळपास तीच. इटलीत १९८९ पासून स्पोर्टिंग फ्रॉडचा कायदा आहे, आपल्याकडे नाही. मॅचवर सट्टा लागला होता असं तुला कळलं तर मात्र गोष्ट बदलते, जुगार प्रतिबंधक कायदा आहे १८८७ चा, आणि नागपूर पोलिसांना बुकी हा विषय नवीन नाही.

तुला दिलेली धमकी मात्र गुन्हा आहे, नाव खराब करीन अशी धमकी देऊन गप्प बसवणं न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये बसतं. ठाण्यात बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवतील, पाठवू दे, कागदावर तारीख पडली पाहिजे.

असोसिएशनकडे आधी जा म्हणतो त्याचं कारण फिफाचा नियम. फिक्सिंगसाठी कोणी गाठलं तर खेळाडूने ताबडतोब कळवायचं, नाही कळवलं तर पैसे न घेताही तो स्वतः कारवाईत अडकतो. म्हणजे तू जितके दिवस विचार करून राहिला तितका तूच फसत चालला. जिल्हा संघटनेत तुमच्या सेक्रेटरीचे दोस्त बसले असतील, हे फुटबॉलच आहे, म्हणून एक प्रत वायफाला, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेला, आणि एक एआयएफएफच्या, म्हणजे देशाच्या संघटनेच्या, इंटिग्रिटी ऑफिसरच्या नावाने ईमेलने टाक. आणि डायरेक्ट कोर्टात उडी नको. २०२२ मध्ये मुदत संपूनही निवडणूक झाली नव्हती म्हणून सुप्रीम कोर्टाने एआयएफएफवर प्रशासक बसवले, आपल्या गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांची अध्यक्षपदाची कारकीर्द तिथे संपली, तर फिफाने बाहेरचा हस्तक्षेप म्हणून ऑगस्टमध्ये भारतालाच निलंबित केलं, प्रशासक गेल्यावर उठवलं. आतल्या पायऱ्या चढूनच जायचं. इंटर काशी ही टीम तसंच गेली, नामधारी टीमच्या अपात्र खेळाडूचा वाद अपील कमिटीत हरली तरी लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत नेला आणि जुलै २०२५ मध्ये आय-लीगची विजेती ठरली. आत कोणी ऐकलंच नाही तर हायकोर्टात रिट करता येते, क्रिकेट बोर्डाबद्दल सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये तो रस्ता मोकळा ठेवलाय.

फेसबुकवर काही लिहू नको. अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या कलमाला अपवाद आहे, फेसबुक पोस्टला ती सवलत नाही. ग्रुपवरही व्हॉइस नोट फॉरवर्ड नको.

फोन सांभाळ. बदलू नको, रीसेट करू नको, व्हॉट्सअ‍ॅप डिलीट करू नको. नुसता पेन ड्राइव्ह दिला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, नक्कल खरी असल्याचं सर्टिफिकेट लागतं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्टिफिकेट हवंच असं ठरवलं, मूळ फोनच कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी.

एनओसीचं, तू क्लबचं पत्र पाठवलं नाहीस म्हणून पक्कं बोलत नाही. लेखी करार असेल आणि खर्चापेक्षा जास्त पैसे ठरले असतील तर फिफाच्या व्याख्येत तू प्रोफेशनल, नाहीतर अमॅच्युअर, आणि दोघांचे ट्रान्सफरचे नियम वेगळे. करार संपला असेल तर अडवून धरायला क्लबकडे फारसं काही उरत नाही. ते पत्र, मानधन जमा झाल्याच्या नोंदी आणि रजिस्ट्रेशनचा प्रिंट घेऊन ये, एनओसीची नोटीस वेगळी काढू, फिक्सिंगच्या तक्रारीत ती मिसळायची नाही, नाहीतर म्हणतील एनओसीसाठी आरोप केला.