"मी लिहिलं नाही, फक्त टाकलं": एका कन्फेशन पेजच्या ॲडमिनची केस

"लेकराने स्वतः काही लिहिलं नाही हो मॅडम, नुसतं टाकलं. एवढ्यावर केस होते का?" लातूर, नांदेड, संभाजीनगरला मुलं शिकायला ठेवलेल्या पालकांकडून हा प्रश्न समुपदेशकांकडे हल्ली वारंवार येतो. पूर्वी मूल मोबाइलवर किती वेळ घालवतं याची चिंता असायची. आता त्यावर काय करून बसलं याची असते. खालची केस याच प्रश्नाची आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, घरचा व्यवसाय आणि घटनाक्रमातले काही तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावी सायन्सचा, सोळा वर्षांचा. घर अंबाजोगाईकडचं, वडिलांचं कृषी सेवा केंद्र. लातुरात दोघा मित्रांबरोबर रूम, दोन वेळची मेस आणि नीटचा क्लास. तिघांनी मिळून इन्स्टाग्रामवर क्लासच्या नावाने कन्फेशन पेज काढलं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पेजच्या बायोमध्ये गूगल फॉर्मची लिंक दिलेली असते, कुणीही नाव न सांगता त्यात मनातलं लिहितं आणि ॲडमिन त्यातलं निवडून पोस्ट करतो. पहिले काही दिवस मेसचं पातळ वरण आणि फिजिक्सच्या सरांच्या लकबी यांवर चालतं. त्यात फार कुणी हसेनासं झालं की गाडी मुलींकडे वळते. इथेही तेच झालं. एका रात्री एका मुलीचं नाव एका मुलाशी जोडणारा मजकूर आला. मजकुराखाली शिक्षक दिनाच्या ग्रुप फोटोतून कापलेला तिचा चेहरा, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि वर ॲडमिनची स्वतःची ओळ: "ओळखा पाहू, दुसरी रांग."

दुसऱ्या दिवशी मुलगी क्लासला आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे मामा क्लासच्या संचालकांकडे आले आणि पोलिसांत जाणार म्हणाले. वडिलांना फोन गेला. ते रातोरात लातुरात आले, मुलाच्या दोन कानाखाली ठेवून दिल्या, मोबाइल काढून घेतला. आणि मुलाने त्याआधीच घाबरून पेज डिलीट केलं होतं.

ही शेवटची गोष्ट बहुतेक मुलं सगळ्यात आधी करतात आणि पालकांनाही ती बरोबर वाटते. घाण पुसली, विषय संपला. प्रत्यक्षात स्क्रीनशॉट तोपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरत असतात, म्हणजे नुकसान तसंच राहतं, आणि नाहीसा होतो तो फक्त मूळ पुरावा. मग मुलीच्या घरच्यांना आणि पोलिसांनाही वाटतं की मुद्दाम लपवलं. त्यामुळे आधी नोंद आणि मग हटवणं, असा क्रम ठेवावा लागतो. सुदैवाने इन्स्टाग्रामवर डिलीट केलेलं अकाउंट तीस दिवसांच्या आत लॉगइन करून परत आणता येतं, आणि डिलीट केलेली पोस्टही "रीसेंटली डिलीटेड" मध्ये तीस दिवस राहते. वडिलांसमोर मुलाने अकाउंट परत चालू केलं. पोस्टचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, पेजचं युजरनेम आणि लिंक, पासवर्ड कुणाकुणाकडे होता, फॉर्मवर आलेल्या नोंदींची शीट, एवढं सगळं घेतलं. त्याची एक प्रत वडिलांकडे ठेवली, दुसरी क्लासच्या संचालकांकडे बंद पाकिटात दिली. पोस्ट लगेच काढली आणि पेज डिलीट न करता डीॲक्टिव्हेट केलं. डीॲक्टिव्हेट केलेलं पेज कुणाला दिसत नाही, पण मागितलं तर दाखवता येतं.

आता "फक्त टाकलं" कडे येऊ. समुपदेशनाच्या तासाभराच्या पहिल्या बैठकीत मुलगा हे वाक्य सोडायला तयार नव्हता. लिहिणारा दुसराच कोणी, फॉर्ममध्ये नाव नसतं, मग माझा काय दोष? अशा वेळी नीतीवर प्रवचन दिलं की मूल मान हलवतं आणि आतून दार लावून घेतं. म्हणून त्याला फॉर्मची शीट उघडून एकच काम दिलं: आलेल्या नोंदींपैकी कोणत्या टाकल्या नाहीत ते दाखव. शीटमध्ये प्रत्येक नोंदीपुढे वेळ असते, लपवाछपवी चालत नाही. न टाकलेल्यांत काही शिव्या होत्या, एक जातीवरून होती (ती टाकली नाही हे त्याने थोड्या अभिमानाने सांगितलं), आणि एक त्याच्याविषयीच होती: "७२० पैकी १४०. बाप खत विकून पैसे भरायला अन् हा पेज चालवायला." ती त्याने कुणालाही न दाखवता वगळली होती. त्यावर काही बोलायची गरज पडली नाही. बराच वेळ तो शीट वर-खाली करत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे निवडत मीच होतो."

दुसरं काम कागदावरचं. पोस्ट कुठून कुठे गेली याचा वेळेसह नकाशा. रात्री पावणेबाराला पोस्ट. साडेबारापर्यंत तिघांच्या स्टोरीवर. सकाळी सातला मेसमध्ये मोबाइल हातोहात. नऊला क्लासच्या मुलांच्या दोन ग्रुपवर. दुपारी तिच्या गावातल्या एका मुलाकडे आणि संध्याकाळी गावच्या ग्रुपवर, ज्यात तिचे चुलते आणि शाळेतले जुने सर आहेत. डोळ्यांवरच्या काळ्या पट्टीचा उपयोग शून्य. ओढणी आणि शेजारची मैत्रीण बघून ओळखलं. आपल्याकडे मुलीच्या नावाची अशी चर्चा गावात पोचली की "बस झालं शिकणं, आणा तिला घरी" हे वाक्य कुणीतरी उच्चारतंच. पुढे स्थळं बघायला किती वेळ लागतो हे बीड-परभणीकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. मुलासाठी जी रात्रीची गंमत होती ती तिच्या डॉक्टर होण्याच्या आड येऊ शकते, हे त्याला नकाशातल्या शेवटच्या चौकोनाशी आल्यावर कळलं.

त्या दिवशी त्याने जाता जाता मोबाइलमधला एक ड्राफ्ट दाखवला. काळ्या पडद्यावर "सॉरी", मागे रडकं गाणं, आणि त्या मुलीला टॅग. रात्री टाकणार होता. जाहीर माफी मुलांना फार शूरपणाची वाटते, पण टॅग केलेली माफी म्हणजे तीच बदनामी दुसऱ्यांदा छापणं. ज्यांनी पोस्ट पाहिली नव्हती तेही आता शोधतात. ड्राफ्ट काढून टाकायला लावला आणि जिथे जिथे स्क्रीनशॉट गेला होता तिथेच टाकायचा मजकूर त्याच्याकडूनच लिहून घेतला:

"या ग्रुपवर परवा आलेला कन्फेशन पेजचा स्क्रीनशॉट माझ्या पेजवरचा आहे. त्यातलं काही खरं आहे याची मी खात्री केली नव्हती, ते टाकणं चूक होतं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढून टाका, पुढे पाठवू नका."

मुलीचं नाव नाही, फोटो नाही, मूळ मजकुराचा पुनरुच्चार नाही. पहिल्या खर्ड्यात "ते खोटं आहे" असं होतं. ते बदललं, कारण खरं-खोटं त्यालाही माहीत नव्हतं आणि ते कुणालाच विचारायचा अधिकारही नव्हता.

व्हॉट्सॲपबाबत मुलांचा एक गैरसमज असतो. "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं की सगळीकडून गेलं असं त्यांना वाटतं. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांपर्यंतच ते चालतं, आणि त्याने फक्त त्या चॅटमधला मेसेज जातो. तिथून पुढे गेलेल्या फॉरवर्डला हात लागत नाही, गॅलरीत उतरलेली प्रतही राहू शकते. म्हणून नकाशातल्या प्रत्येक पाठवणाऱ्याला वेगवेगळा फोन करावा लागतो. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेज काढू शकतो, तेव्हा गावच्या ग्रुपसाठी ॲडमिनशी क्लासच्या संचालकांनी बोलावं असं ठरलं. मुलाच्या वडिलांनी बोलणं टाळलं, त्याचं कारण पुढे येईल. ॲडमिनला एक भीती असते की आपणच अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलं आहे की समान हेतू किंवा संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पण कळल्यावरही राहू दिलं, तर ती वेगळी गोष्ट झाली.

वडिलांचा मूळ प्रश्न केसचा. त्याचं उत्तर गोड करून देता येत नाही: होऊ शकते. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते, स्त्रीच्या विनयाचा अपमान कलम ७९ खाली. दुसऱ्याच्या नावाने खोटं अकाउंट काढून फसवलं असतं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागलं असतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. "पेजवर नाव नाही, मग सापडणार कसे" यालाही अर्थ नाही. अकाउंटमागे मोबाइल नंबर किंवा ईमेल आणि लॉगइनच्या नोंदी असतात, आणि पोलीस त्या कंपनीकडून मागवतात.

मात्र अठरा वर्षांखालील मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. गंभीर नसलेल्या आरोपात पोलीस सहसा एफआयआर न करता ठाणे दैनंदिनीत नोंद घेतात आणि सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह ती मंडळाकडे पाठवतात. अशा प्रकरणामुळे पुढे शिक्षण किंवा नोकरीसाठी अपात्रता येऊ नये अशी तरतूद बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ मध्ये आहे. त्याच कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. मुलीच्या एका चुलतभावाने या मुलाचा फोटो "याला ओळखा" म्हणून स्टेटसला ठेवायची तयारी केली होती. संचालकांनी हे कलम दाखवल्यावर तो थांबला.

तक्रार करायची की नाही हे मुलीच्या घरच्यांनी ठरवायचं. आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघडतं. वडिलांनी तिच्या गावच्या सरपंचांना आणि दोन पाहुण्यांना घेऊन "बसून मिटवून टाकू" असं ठरवलं होतं, गाडीसुद्धा सांगितली होती. बैठक बसली की मुलीच्या ओट्यावर दहा माणसं जमतात, शेजारीपाजारी कान देतात, आणि जी गोष्ट मोबाइलमध्ये होती ती गल्लीत येते. शिवाय मुलीवर "मिटवून घे" असा दबाव येतो. त्यांना ठाम सांगितलं: तिच्या घरी कुणीही जाणार नाही, फोनही करणार नाही. निरोप फक्त क्लासमधल्या एका मॅडममार्फत जाईल, आणि तोही मुलीने हो म्हटलं तरच. मुलीसाठी वेगळी समुपदेशक नेमली. दोन्ही बाजू एकाच माणसाने ऐकल्या की कुणाचाच विश्वास राहत नाही.

मुलीने भेटायला नकार दिला, पत्र घ्यायला होकार. मुलाच्या पत्राचा पहिला खर्डा "जर तुझं मन दुखावलं असेल तर" असा सुरू होत होता आणि "प्लीज माफ कर, माझं करिअर आहे" असा संपत होता. म्हणजे पहिल्या ओळीत दुखावल्याबद्दल शंका, शेवटच्या ओळीत तिच्यावरच ओझं. चौथ्या खर्ड्यात सहा ओळी उरल्या: काय केलं, ते माझ्या निवडीने झालं, कुठून कुठून काढलं, कुठून अजून निघालं नाही, पुढे काय करणार, आणि उत्तराची अपेक्षा नाही. तिने कळवलेली मागणी एकच होती, बॅच तिने बदलायची नाही. क्लासने सवयीने तिलाच दुपारची बॅच देऊ केली होती. मग मुलगा दुपारच्या बॅचला गेला.

मोबाइलचं काय? वडील दोन वर्षं देणार नव्हते. नीटच्या टेस्ट सिरीज, डाउटचे व्हिडिओ, क्लासच्या सूचना सगळं त्यावर येतं, त्यामुळे आठवड्यातच रूममेटचा फोन किंवा सेकंडहँड सेट हातात येतो, आणि त्यावर घरच्यांना माहीत नसलेली आयडी. म्हणून मुदत ठरवली. तीन महिने इन्स्टाग्राम बंद, फोन चालू, रात्री साडेदहाला फोन घरमालकांकडे चार्जिंगला. त्यानंतर अकाउंट स्वतःच्या नावाने आणि एकच. रविवारी वडिलांनी फोन करायचा तो अभ्यासाचा आकडा विचारायला नव्हे, हे मात्र दोनदा सांगावं लागलं. पहिल्या आठवड्यात मुलगा जेवत नव्हता, रात्री जागा असायचा. चूक करणाऱ्या मुलाच्या मनातही जीव देण्याचे विचार येतात, हे पालक विसरतात. वडील चार रात्री रूमवरच थांबले. असे विचार बोलून दाखवले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

एक इशारा वेगळा द्यावा लागेल, कारण वर सांगितलेला "आधी नोंद" हा नियम तिथे उलटतो. फोटो नग्न किंवा अश्लील असेल, मॉर्फ केलेला असला तरी, आणि त्यातली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल, तर पुरावा म्हणूनही त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, कुणाला पाठवू नका, समुपदेशकालाही नाही. असा मजकूर जवळ ठेवणं हाच पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. फक्त युजरनेम, लिंक, तारीख आणि वेळ कागदावर लिहा आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या विभागात तक्रार करा. तिथे नाव न देताही तक्रार घेतली जाते. पैसे उकळले गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. इन्स्टाग्रामसारख्या प्लॅटफॉर्मकडेही त्याच दिवशी तक्रार टाका. असा मजकूर हटवण्यासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी त्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती, २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली. अठरा वर्षांखालच्यांसाठी "टेक इट डाउन" ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, मोबाइलवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी प्लॅटफॉर्मकडे जातो. त्यासाठी फोटो ज्याच्या फोनमध्ये मुळात आहे त्यानेच हे करायचं, दुसऱ्याकडून मागवून नव्हे.