बाथरूमच्या आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : डोंबिवलीत आमचा २० वर्षं जुना फ्लॅट आहे. रंगकाम आणि बाथरूम नवं करायला कॉन्ट्रॅक्टरने ४ लाख सांगितले, त्यात मजुरी सव्वा लाख. व्हिडिओ बघून सगळं स्वतःच केलं तर? तीन आठवडे बिनपगारी रजा मिळेल. पगार ६० हजार. बँकेने १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ४ लाख दिले आणि त्यातूनच विम्याचा ६० हजारांचा पहिला हप्ता कापला. कर्जासोबत पॉलिसी घ्यावीच लागते म्हणाले. १० वर्षं हप्ते, २० वर्षांनी ११ लाख. पॉलिसी गेल्या आठवड्यात हातात आली.

उत्तर : रंग तुम्ही लावा, बाथरूमला हात लावू नका. पुट्टी बिघडली तर घासून पुन्हा भरता येते. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतून पाणी जायच्या जाळीच्या) कडेचं वॉटरप्रूफिंग चुकलं तर खालच्यांचं छत गळतं आणि नव्या टाइल्स फोडाव्या लागतात. ते काम मिस्त्रीलाच द्या. टाइल्स बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावा. रजा घेऊ नका, ४० हजार पगार जाईल. रंग शनिवार-रविवारी होतो.

आता तुम्ही न विचारलेलं, पण याच आठवड्यात करायचं काम. ती पॉलिसी परत करा. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करता येत नाही. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो. ६ लाख भरून २० वर्षांनी ११ लाख, म्हणजे जेमतेम ४ टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेसतरा लाखांवर जातात. शिवाय पहिला हप्ता कर्जातून गेलाय. ४ टक्के मिळवायला तुम्ही १४ टक्के मोजताय. ते ६० हजार फेडता फेडता ८४ हजार होतील. पुढचा हप्ता कुठून भरणार? कर्जाचाच ईएमआय ९,३०० आहे.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री लुक'चे, म्हणजे पॉलिसी परत करायचे असतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे वजा होऊन बाकी परत मिळतात. अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्या, तारखेची पोच घ्या. बँकेतले 'एक वर्ष तरी थांबा' म्हणतील, थांबू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा.

परत आलेली रक्कम बाथरूमला वापरा. नाहीतर मुदतपूर्व फेडीचं शुल्क विचारून ती कर्जात भरा.