एक्झॉटिक अभयारण्यातल्या वाघ-सिंहांची एकेकाची वेगळी ओळख कशी करून घ्यावी?

तुम्ही शिकायला अमेरिकेत आहात, पुढच्या महिन्यापासून शनिवार-रविवार एका अभयारण्यात (जंगल नव्हे, सोडवून आणलेले प्राणी पिंजऱ्यात सांभाळणारी जागा) स्वयंसेवक म्हणून जाणार आहात, तिथे वाघ, सिंह आणि सर्व्हल (आफ्रिकेतलं ठिपक्यांचं रानमांजर) आहेत, आणि एकेक प्राणी ओळखायला कसं शिकायचं हे तुम्हाला हवंय.

आधी जागा पारखून घ्या. जिथे पिल्लांची पैदास होते किंवा बछडा मांडीवर देऊन फोटो काढतात, ते अभयारण्य नव्हे. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने लोकांना वाघ-सिंहांच्या बछड्यांना हात लावू देणं अमेरिकेत बंदच झालंय. चांगल्या ठिकाणी कीपरसुद्धा वाघ असलेल्या पिंजऱ्यात पाऊल टाकत नाही. सरकत्या दाराने त्याला पलीकडे घेतात, कुलूप लावतात, मग साफसफाई. म्हणजे तुमची ओळखही जाळीबाहेरूनच होणार.

सुरुवातीला दोनच प्राणी निवडा. वाघाचे पट्टे डाव्या-उजव्या अंगावर वेगवेगळे असतात, तेव्हा एकच बाजू पाठ करा. डोळ्यांवरच्या काळ्या खुणा त्याहून सोप्या. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या रांगा असतात, त्यातली सगळ्यात वरची रांग बघा. आयाळीवर विसंबू नका. खच्चीकरण झालेल्या नराची आयाळ झडते आणि लांबून तो सिंहीणच वाटतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी सिंहांचे वृषण न काढता फक्त नसबंदी करतात.

खरी ओळख चालण्यातून होते. सकाळी, खाणं द्यायच्या आधी, एकाच जागी पंधरा मिनिटं गप्प उभं राहा. तो कुठे निजलाय, उठताना आधी कुठला पाय टेकतो, वळताना अडखळतो का, हे लिहा. लहानपणी नखं काढलेले बरेच वाघ या ठिकाणी असतात. त्या शस्त्रक्रियेत बोटाचं शेवटचं हाडच कापतात, त्यामुळे पंजा चुकीचा टेकतो आणि म्हातारपणी सांधे धरतात. अशा वाघाची मुळातली चाल वहीत नसेल, तर नवं लंगडणं तुम्हाला कळणारच नाही. मांजरकुळातले प्राणी दुखणं लपवण्यात पटाईत असतात.

पांढरा वाघ असला तर तो पुष्कळदा तिरळा असतो, नजरेवरून अंदाज बांधू नका. हा दोष अंतर्प्रजननातून, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जोड्यांतून, रुजलेल्या वंशाबरोबर आलाय: रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेला पांढरा वाघ मोहन आणि १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेलेली त्याची मुलगी मोहिनी, यांच्यापासून अमेरिकेत हे प्रस्थ वाढलं.

वाघ तोंड मिटून नाकातून फुर्र-फुर्र करतो ते स्वागत. सिंह तसं करत नाही. वाघाच्या कानामागचे पांढरे ठिपके समोरून दिसू लागले, की तो धमकावतोय, मागे सरका. पाठ फिरवून शेपटी उभी केली तर मूत्राची पिचकारी येणार, बाजूला व्हा. सर्व्हल खाणं आणणाऱ्यावरही फिस्कारतो, ते मनाला लावून घेऊ नका.

जाळीपासून निदान एक मीटर लांब राहा. उकिडवं बसणं, पाठ करून वाकणं टाळा, कारण पाठमोरी, बुटकी आकृती दिसली की वाघ दबा धरतो. बाटलीच्या दुधावर वाढलेले वाघ जाळीला गाल घासतात आणि हात घालायचा मोह होतो. बोटं जातात ती अशाच वाघापाशी, कारण माणसाची भीतीच त्याला उरलेली नसते.

मोठा वाघ दिवसाला साधारण चार ते सहा किलो मांस खातो. नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी, म्हणून हाडासकट कोंबडी किंवा वरून कॅल्शियमची पूड देतात. कलेजी (यकृत) जास्त झाली की शी पातळ होते. अनेक ठिकाणी आठवड्यात एक दिवस उपास असतो. त्या दिवशीच्या येरझाऱ्या वेगळ्या नोंदवा, नाहीतर उगाच काळजी कराल. म्हाताऱ्या वाघाची पाण्याची बादली रोजच्यापेक्षा लवकर रिकामी होऊ लागली, तर मूत्रपिंडाचा संशय घ्या आणि त्याच दिवशी कीपरला सांगा. रविवारची नोंद पुढच्या शनिवारपर्यंत वहीत पडू देऊ नका.