भर उन्हातला उत्सव आणि पाहुण्याचे शरीर

उन्हाळ्यात रस्त्यावर भरणाऱ्या उत्सवांना पर्यटक म्हणून जाणाऱ्या वाचकांच्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी थंड प्रदेशात राहतो. गेल्या वर्षी परगावच्या उत्सवात पहिल्याच दुपारी मिरवणुकीची वाट पाहत उभा असताना मला घेरी आली. पाणी भरपूर प्यालो होतो. शेजारच्या, माझ्याहून वयस्कर स्थानिकांना मात्र काहीच झाले नाही. माझ्या प्रकृतीत काही दोष आहे का?

उत्तर : असा प्रकार एकदाच घडला असेल, तर बहुधा आपले शरीर त्या उन्हाला नवखे होते, इतकेच. तो पुन्हा घडल्यास किंवा हृदयविकार असल्यास तपासणी करून घ्यावी. उष्णता अंगवळणी पडायला साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आपल्या शेजाऱ्यांची ही तयारी ऊन चढत गेले तशी नकळत झालेली असते. पाहुण्याला ती सामानात बांधून नेता येत नाही. शिवाय उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असताना माणूस एका जागी खिळून उभा राहिला, की रक्त पायांत साचते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू तेच रक्त वर ढकलत असतात. म्हणून वाट पाहताना टाचा उचलून टेकवत राहावे आणि डोळ्यांपुढे अंधारी येताच गर्दीच्या कडेला होऊन, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, खाली बसावे. जमल्यास दोन-तीन दिवस आधी पोचावे व पहिली दुपार सावलीत काढावी. काहींची पावले सुरुवातीला सुजतात. अशी सूज बहुधा पाय उंचावर ठेवल्याने उतरते. त्यासाठी लघवी वाढवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रश्न : स्वच्छतागृहासमोरच्या रांगा पाहून मी अशा ठिकाणी पाणी पिणेच टाळते. त्याऐवजी थोडेसे ओआरएस घेतले तर भागेल का?

उत्तर : भागणार नाही. आपली अडचण मात्र खरी आहे, आणि पुरेशी स्वच्छतागृहे न उभारणे हा आयोजकांचाच दोष आहे. तरीही पाणी तोडले तर घामाला लागणारे पाणी शरीर रक्तातूनच काढते, आणि लघवी तुंबवून ठेवल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो. पोचताच स्वच्छतागृहे कुठे आहेत ते पाहून ठेवावे आणि कार्यक्रम रंगात असतानाच जाऊन यावे, कारण तो संपला की सगळे एकदम तिकडे धावतात. लघवी गडद पिवळी दिसू लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, संपूर्ण विरघळवायचे असते. अर्धे पाकीट अंदाजाने छोट्या बाटलीत ओतण्याची चूक मी नेहमी पाहतो. आतड्यात साखर मिठाला आणि त्यामागोमाग पाण्याला आत ओढून नेते, आणि प्रमाण बिघडले की हा मेळही बिघडतो. उलट टोकही टाळावे : तासाला दीड लिटरहून अधिक साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्न : रस्त्यावरचे पदार्थ खायचेच नाहीत, हे मला पटत नाही. निवड कशी करावी?

उत्तर : मलाही पटत नाही. गाडीसमोर पाच मिनिटे नुसते उभे राहावे. पैसे घेणारा हातच पदार्थ वाढतो आहे का, आणि आपल्याला मिळणार आहे ते आत्ता कढईतून निघाले की सकाळपासून परातीत पडून आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे शिजवलेले नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही, म्हणून केवळ वाफ दिसते यावर विसंबू नये. बर्फाविषयीचा गैरसमज तर फारच पक्का आहे : गोठल्याने जंतू मरतीलच असे नाही, आणि ज्या पाण्याचा भरवसा नाही त्याच्या बर्फाचाही नाही. कापून उघड्यावर ठेवलेल्या फळांपेक्षा स्वतः सोलून खाण्याचे फळ बरे. तरीही जुलाब लागलेच, तर ओआरएस लगेच सुरू करावे. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी न घेता डॉक्टरांना गाठावे.

प्रश्न : साधा थकवा आणि उष्माघात यांतला फरक अनोळखी गर्दीत कसा ओळखावा?

उत्तर : माणसाच्या बोलण्यावरून. थकलेला माणूस कुरकुरतो, डोके दुखते म्हणतो, पण आपण कुठे आहोत हे नीट सांगतो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते आणि मेंदूवर परिणाम होतो : तो असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, कधी चिडून अंगावर येतो, आणि लोक त्याला दारू चढली असे समजून बाजूला होतात. त्वचा कोरडी असेल तरच उष्माघात, ही समजूत चुकीची आहे. घामाने निथळणाऱ्यालाही तो होतो. रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबू नये. सावलीत नेऊन, जादा कपडे काढून, अंगावर थंड पाणी ओतत राहावे व वारा घालावा. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही, आणि शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

प्रश्न : मी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतो आणि पत्नी इन्सुलिन घेते. प्रवासात काय सांभाळावे?

उत्तर : आपली गोळी उन्हात शरीरातील पाणी व मीठ आणखी कमी करू शकते. ती परस्पर बंद करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांना प्रवासाचे दिवस सांगून मात्रा ठरवून घ्या. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या घाम कमी करतात, त्यांबद्दलही विचारा. इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कधीही ठेवू नये, आणि बर्फालाही थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर वापरण्याजोगे राहत नाही. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवली, की दिवस निभावतो.