मुलाखतीत तोंड उघडत नाही

प्रश्न : वाळपईची माझी भाची बी.कॉम. झाली. घरात अखंड बडबड, मुलाखतीत मात्र मान खाली. काय करू? – एक मावशी, डिचोली

उत्तर : मावशी, उपदेश नको, तिला बाजारात बसवा! पहिल्या मुलाखतीत मी स्वतःचं नावही अडखळत सांगितलं होतं. मग आत्येनं चतुर्थीआधी मला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या बाजारात बसवलं. कांगलां, आंबाडे, सुपाऱ्यांचे घड. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून भाव सांगावाच लागतो. पहिल्या दिवशी मी निम्म्यात दिलं, आत्ये खवळली. तिसऱ्या दिवशी आवाज फुटला.

दर रविवारी तुम्हीच टेबलापलीकडे बसून तिला प्रश्न विचारा, कोकणीतूनही. आपल्या गोव्यात सरकारी नोकरीला कोकणी लागतेच, शिवाय 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला. तो आताच काढून ठेवा.